नियम क्रमांक चार

सोमवार, १ सप्टेंबर

रागाने अक्षर आज वाकडे येत आहे. तरीही क्रमानेच लिहितो, कारण क्रम सोडला की राग हा नुसता आवाज उरतो.

नाल्यावरचा पूल खचला त्याला बत्तीस दिवस झाले. जड वाहने जाऊ नयेत म्हणून पुलाच्या तोंडाशी लोखंडी कमान उभारली आहे. मोटारसायकली आणि लहान गाड्या जातात, एसटी जात नाही. त्यामुळे धामणदरीच्या माणसाला वाशीमला जायचे तर पाच किलोमीटरवरच्या फाट्यापर्यंत पायी जाऊन तेथे बस पकडावी लागते. मी तीन अर्ज केले. तिसऱ्याचे उत्तर आज आले : ‘आपला अर्ज उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित करण्यात येत आहे.’ कोणाकडे, केव्हा आणि कशासाठी, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नाही. मी कारंज्याला चौतीस वर्षे विज्ञान शिकवले. असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी शून्य गुण दिले असते.

परंतु खरा संताप त्या कागदाचा नाही. आज सकाळी सात ते नऊ मी पाराजवळच्या कडुनिंबाखाली खुर्ची टाकून निरीक्षण केले. या दोन तासांत फाट्याच्या दिशेने एकतीस मोटारसायकली गेल्या. त्यांपैकी एकोणीस मोटारसायकलींवर मागची जागा रिकामी होती. त्याच वेळात त्याच दिशेने सात माणसे पायी गेली. त्यांत एक कडेवर मूल घेतलेली बाई आणि काठी टेकणारे दोन म्हातारे. एकोणीस रिकाम्या जागा आणि सात चालणारी माणसे! दुसरीच्या मुलाला सुटेल असे हे गणित अख्ख्या गावाला सुटत नाही. अपवाद एकच, मुन्ना दूधवाला.

संध्याकाळी हे सर्व पत्नीला, वैजयंतीला, आकृती काढून समजावले. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “इतका राग येऊन राह्यला त आपली गाडी काढा ना. चार जण बसतात तिच्यात.”

मी तिला शांतपणे सांगितले की निवृत्तीनंतर घेतलेली गाडी अशा रस्त्यासाठी नाही, माझा क्लचवरचा ताबा अद्याप पक्का झालेला नाही, आणि ज्याला निरीक्षण करायचे त्याने प्रयोगात स्वतः उतरू नये. गाडीची आबाळ मी करीत नाही. दर शनिवारी गोठ्यातच दहा मिनिटे इंजिन चालू ठेवतो. त्यामुळे बॅटरी उत्तम राहते.

“हो,” ती म्हणाली, “बाळंतिणीवानी झाकून ठेवली.”

गुरुवार, ४ सप्टेंबर

मुन्नाचे निरीक्षण केले. वय चाळिशीचे, घर पारासमोरच, दोन म्हशी. सव्वासातला मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन लावून तो फाट्यावरच्या हॉटेलांकडे निघतो. दर सोमवारी आणि गुरुवारी त्याच्या मागे दोन कॅनच्या मधोमध केशरबाई बसलेल्या असतात. केशरबाई बौद्ध वस्तीवरच्या, अठ्ठावन्न वर्षांच्या, जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या. दोन वर्षांपासून त्यांची मूत्रपिंडे काम करीत नाहीत. आठवड्यातून दोनदा वाशीमला डायलिसिस करावे लागते. गावात त्याला ‘मशीनवर जाणे’ म्हणतात. एक वेळ चुकली तरी अंगात पाणी साठते आणि श्वासही कोंडू शकतो, हे मी स्वतः वाचून खात्री करून घेतले.

मला अत्यानंद झाला. माझ्या कल्पनेचा जिवंत नमुना पारासमोर रोज उभा होता! आणि नेमके तेव्हाच माझ्या दृष्टीस दोष पडला. बाई येताना डोक्यावर बांधावरच्या हिरव्या गवताचा लहानसा भारा घेऊन आल्या आणि मुन्नाच्या गोठ्यापुढे टाकून मगच मोटारसायकलवर बसल्या.

मी मुन्नाला हटकले. “तू या आजारी बाईकडून गवत घेतोस?”

तो हसला. “मी कुठं घेतो सर, ते टाकते. म्हशी खाते. माहा काय संबंध?”

“हा मोबदला झाला, मुन्ना. मोबदला घेतला की त्या कृतीतील सौजन्य संपते.”

“असंन बा,” असे म्हणून त्याने किक मारली. केशरबाई कॅनला धरून बसल्या होत्या. त्या माझ्याकडे पाहत होत्या. लाजल्या असाव्यात.

रविवार, ७ सप्टेंबर

शाळेच्या पटांगणात सभा. साठ-सत्तर माणसे. फळ्यावर आकृती काढून मी ‘सहप्रवास सौजन्य उपक्रम’ समजावला. तत्त्व अगदी साधे आहे. मोठ्या मदतीला पैसा लागतो, मंजुरी लागते. लहान मदतीला फक्त ब्रेक लागतो. रोज वीस माणसे प्रत्येकी एक मिनिट थांबली तर पुलाच्या दुरुस्तीपर्यंत या गावात कोणाला चालावे लागणार नाही.

नियम चार. फाट्याकडे रिकामी जागा घेऊन जाणाऱ्याने कडुनिंबाखाली थांबावे. कोण कोठे चालले हे आपण होऊन विचारावे. कोणी कोणाला नेले हे ग्रामपंचायतीच्या शिपायाला, म्हणजे देवलाला, कळवावे. तो रोज संध्याकाळी सातला भोंग्यावरून दोघांचीही नावे जाहीर करील. आणि चौथा, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा : नेणाऱ्याने कसलीही परतफेड घेऊ नये. गवत, भाजी, कडबा, चहा, काहीही नाही.

मागून कोणीतरी ओरडले, “सर, तंबाखूची चिमूटबी नाही काय?” हशा झाला. मदनसिंग, ज्यांची साठ एकर जमीन रस्त्याला लागून आहे, ते गंभीरपणे म्हणाले, “नाव बरोबर घेईन ना देवला? मागच्या झेंडावंदनाले त्यानं माह्या नावातलं सिंगच खाल्लं होतं.”

केशरबाई बायकांच्या मागच्या रांगेत होत्या. त्या उभ्या राहिल्या. “भाऊ, परत काहीच द्यायचं नाही काय?”

“काहीच नाही, केशरबाई,” मी म्हणालो. “तुम्ही निश्चिंत राहा. तुमच्यासारख्यांसाठीच हा नियम केला आहे.”

त्या खाली बसल्या. केवढे ओझे उतरले असेल त्यांचे!

शुक्रवार, १२ सप्टेंबर

पाच दिवसांत अडतीस खेपा! भोंग्याचा परिणाम विलक्षण आहे. सात वाजले की माणसे ओट्यांवर येऊन ऐकतात. काल देवलाने घोषणा केली : “आज सकाळी मुन्ना यांनी वस्तीवरील केशरबाई यांना विनामोबदला फाट्यापर्यंत पोहोचवून उपकृत केले. त्यांचे हार्दिक अभिनंदन.” मजकूर माझाच आहे. ‘उपकृत’ हा शब्द देवलाला तीनदा म्हणवून घ्यावा लागला.

मात्र मनुष्यस्वभावाची घाणही वर आली आहे. मदनसिंग स्वतःच्या मेहुण्याला सकाळी फाट्यावर सोडतात, तासाभराने परत आणतात आणि पुन्हा सोडतात. एका दिवसात तीनदा नाव! मी जाब विचारला तर म्हणाले, “नियमात कुठं लिव्हलं का मेहुना चालत नाही?” शिवाय मुन्नाला पारावरची टाळकी चिडवतात : “काय बे, पुण्याचा मीटर कितीवर गेला? सरग बुक झाला काय?” मी त्यांना चांगलेच फटकारले. चांगुलपणाची थट्टा करणारे गाव कधी वर येत नाही.

मुन्नाच्या गोठ्यापुढे मात्र गवत पडलेले नाही. नियम पाळला जात आहे.

गुरुवार, १८ सप्टेंबर

मुन्ना एकटाच गेला. दोन कॅनच्या मधली जागा रिकामी!

मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. “केशरबाई कोठे आहेत?”

“ते येऊनच नाही राह्यली सर. सोमवारीबी नाही आली.”

“तू बोलावले नाहीस?”

“दारात जाऊन हॉर्न वाजवला. तिचे मालक शेषरावकाका म्हणे, गेली.”

“गेली कशाने?”

“मले काय माहीत? मी तिले पयलेबी कधी बोलवलं नव्हतं सर. ते यायची, भारा टाकायची, बसायची. बोलाचं कामच नव्हतं पडत.”

हे उत्तर बेजबाबदार आहे आणि मी त्याला तसे सांगितले. ज्याच्याकडे वाहन आहे त्याच्यावर पाठपुराव्याची जबाबदारी येते. मुन्नाने मान खाली घालून ऐकले. मग आमच्या गोठ्याकडे, आत ताडपत्रीखाली असलेल्या माझ्या गाडीकडे एकदा पाहिले आणि तो निघून गेला. उद्धटपणा याहून वेगळा काय असतो?

शनिवार, २० सप्टेंबर

देवलामार्फत विशेष सूचना दिली. सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा : “वस्तीवरील केशरबाई यांनी संकोच न बाळगता सौजन्य उपक्रमाचा लाभ घ्यावा.” देवला म्हणाला, “सर, दोनदा कायले? एकदा सांगतलं तरी लाऊडस्पीकर हाये, ऐकू जातेच.” मी त्याला पुनरावृत्तीचे शैक्षणिक महत्त्व सांगितले.

गाडीचे इंजिन दहा मिनिटे चालवले. बॅटरी उत्तम.

सोमवार, २२ सप्टेंबर

कळले! आणि रागाने जेवण गेले नाही.

केशरबाई पायी जातात. रस्त्याने नव्हे, वावरातून, नाल्याच्या काठाकाठाने, म्हणजे कोणाच्या नजरेस पडू नये. पाच वाजताच निघतात. ज्यांच्या अंगात रक्त अपुरे, ज्यांना दोन जिने चढताना धाप लागते, त्या बाई सोयाबीनच्या ओल्या बांधांवरून पाच किलोमीटर चालतात, आणि कडुनिंबाखाली त्यांच्यासाठी जागा रिकामी जाते!

हा हट्ट आहे. मी हट्ट हाच शब्द वापरतो. एखाद्याला पाण्याचा पेला पुढे करावा आणि त्याने तोंड फिरवावे! संपूर्ण गावाने यांच्यासाठी एक व्यवस्था उभी केली, आणि यांना त्या व्यवस्थेचा मान ठेवता येत नाही. वैजयंतीपुढे हे सर्व बोललो. ती म्हणाली, “तुमाले कोणी भोंग्यावर म्हणलं असतं, का दौलतराव सरले आज अमक्यानं फुकट नेलं, त तुमी बसले असते काय?”

मी म्हणालो, “माझा प्रश्नच येत नाही. मला कोणाच्या गाडीची गरज नाही.”

“तेच म्हणतो मी,” ती म्हणाली आणि दिवा लावायला उठली. घटस्थापनेचा दिवस असल्याने मी वाद वाढवला नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

काल पहाटे जोराचा पाऊस झाला. नाल्याला पाणी आले. केशरबाई अर्ध्या वाटेवरून परतल्या, बस गेली, मशीन चुकले. हे मला आज समजले, आणि ते ज्यांच्याकडून समजले त्यांचाही मला राग आला.

शेषराव, केशरबाईंचे यजमान, सकाळी फाटकापाशी आले. मी आत बोलावले, आले नाहीत. गुडघे गेलेले, दोन्ही हातांनी फाटकाचा गज धरून उभे. ते वीस वर्षे आमच्याच काकांच्या ट्रॅक्टरवर होते. लहानपणी मी त्यांच्याशेजारी मडगार्डवर बसलो आहे. पण आज ओळख दाखवली नाही.

“सर, एक काम करा. भोंग्यातून माह्या बायकोचं नाव काढा.”

मी म्हणालो, “शेषराव, त्यात त्यांची निंदा नाही. ते मुन्नाचे कौतुक आहे.”

“मुन्नाचं घ्या ना मंग. रोज घ्या, दहा डाव घ्या. तिचं काहून घेता?”

मी शांतपणे समजावले. प्रत्येक कृतीला दोन टोके असतात, देणारा आणि घेणारा. घेणाऱ्याचे नाव वगळले तर विधान अपूर्ण राहते आणि त्याची पडताळणीही करता येत नाही. त्यांनी सगळे ऐकून घेतले. शेवटी म्हणाले, “बरं,” आणि वळले.

इतके सविस्तर स्पष्टीकरण दिल्यावर निदान ‘समजले’ असे तरी म्हणावे! मी मागून विचारले, “सोमवारी पाठवाल ना त्यांना कडुनिंबाखाली?” त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

रविवार, २८ सप्टेंबर

आता रात्रीचे जेवण झाले आहे आणि मी जे घडले ते घडले त्याच क्रमाने लिहिणार आहे. माझ्या सोयीचा क्रम लावणार नाही.

सकाळी नऊला वैजयंती गिरणीवरून परत आली ती दळण न घेताच. सरळ गोठ्यात गेली आणि गाडीवरची ताडपत्री ओढून तिने शेणात टाकली.

“चाबी द्या.”

“काय झाले?”

“केशरबाईले दम लागला. बसूनच हाये रातभर, आडवं होता येत नाही. चाबी द्या म्हणलं ना!”

“वैजयंती, तुला गाडी चालवता येत नाही.”

“तुमाले येत नाही, मले येत नाही, मंग काय ते मरून जावं? तुमच्या बॅटरीचं काय लोणचं घालता?”

एकतीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर अशी ओरडली नव्हती. मी चावी काढली.

वस्तीवरच्या त्या गल्लीत मी गाडी तीनदा बंद पाडली. घर दोन खोल्यांचे, दारात निळी पताका. केशरबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, पाऊल असे फुगलेले की जोडवे मांसात रुतले होते. दोन शब्दांमध्ये एक श्वास घ्यावा लागत होता. मी म्हणालो, “चला, गाडी आणली आहे.”

“काय देऊ... तुमाले?”

“काही नको. काहीच नको.”

“मंग नाही येत.”

मी संतापलो. हे लिहिताना लाज वाटते, पण मरणाच्या दारात बसलेल्या बाईवर मी ओरडलो. “हा हट्ट कशासाठी? कोणाचे काय बिघडवले मी?”

त्यांनी मान वर केली. थांबत, श्वास घेत, पण एकही शब्द न गाळता बोलल्या. मी तसेच लिहितो.

“चाळीस साल या गावात निंदन केलं, भाऊ. कोणाचं फुकट नाही खाल्लं. मुन्ना नेत होता, मी त्याच्या म्हशीले गवत टाकत होतो. तो बोलत नव्हता, मी बोलत नव्हतो. बराबरीनं बसत होतो मी त्याच्या मांगं. तुमी गवत बंद केलं. अन् वरून भोंगा लावला. केशरबाई उपकृत. दोन टाइम. माह्या अश्वजितनं पुन्याहून फोन केला, आई, कोनी व्हिडिओ टाकला, तू भीक मांगून राह्यली काय म्हने.” त्या थांबल्या. छातीतून घरघर येत होती. “अख्ख्या गावात... मलेच कोनाले काही देऊ देत नाही तुमी.”

चौतीस वर्षांत माझ्याजवळ उत्तर नाही असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. किंवा विचारला असेल आणि मी फळ्याकडे तोंड केले असेल.

शेवटी तोडगाही त्यांनीच काढला. नवऱ्याकडे पाहून म्हणाल्या, “यायले गाडी चालवता येत नाही. तीनदा बंद पडली, मी ऐकलं. तुमी बसा बाजूले. शिकवा यायले. ते फुकट नाही होनार.” आणि माझ्याकडे : “चालते काय तुमच्या नियमात?”

“चालते,” मी म्हणालो.

शेषराव माझ्याशेजारी बसले, वैजयंती मागे केशरबाईंना धरून. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत मला एवढी बोलणी बसली जेवढी मी कधी विद्यार्थ्याला दिली नसतील. “क्लच पूरा दाबा. पूरा! आता सोडा. हळू म्हणलं ना, सर, बैल नाही हाकलून राह्यले तुमी!” पुलाशी आलो तर लोखंडी कमानीतून गाडी जाईल असे मला वाटेना. मी थांबलो. मागे केशरबाईंचा श्वास ऐकू येत होता.

“कमानीकडं नका पाहू. तिच्या पलीकडं पाहा,” शेषराव म्हणाले. “जिथं नजर, तिथं चाक.”

गाडी गेली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली.

वाशीमला रविवार असूनही तातडीने घेतले. परिचारिकेने केशरबाईंना दटावले, “गुरुवारी कुठं होत्या मावशी? असं मनाला येईल तेव्हा येता काय?” केशरबाई माझ्याकडे न पाहता गप्प राहिल्या. मीही गप्प राहिलो. या दोन मौनांमध्ये जो फरक आहे तो मला समजतो, आणि म्हणूनच येथे लिहून ठेवतो.

चार तास मी आणि शेषराव बाहेरच्या बाकावर होतो. ते म्हणाले, “भारा काय होता सर, दोन कवळाचा. म्हशीच्या एका वखताचाबी नाही. पन तो टाकून आली का दिवसभर माह्यावर डाफरे. आता पंधरा दिवसापासून डाफरली नाही. तईच समजलो मी, काम बिघडलं.”

सोमवार, २९ सप्टेंबर

देवलाकडून घोषणांचे सर्व कागद परत घेतले. त्याला विचारले, “तुला हे वाचताना काही वाटले नाही?”

“वाटे ना.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुमी सर हाये,” तो म्हणाला. आणि पुढे : “अन् तुमी बोलत असले का मधात जागाच नसते.”

मदनसिंग वाटेत भेटले. भोंगा बंद झाल्याचे ऐकून म्हणाले, “मंग मेहुन्याले आता पैदलच जाऊ देऊ काय?” मी म्हणालो, “तुमचा मेहुणा, तुमचे पाय, काहीही करा!” आवाज पारापर्यंत गेला असावा, मागे कोणी शिट्टी वाजवली. राग अजून उतरलेला नाही. फरक इतकाच की आता तो कोठे ठेवावा हे ठरत नाही. मदनसिंगांवर केला तर थोडा शिल्लक राहतो, भोंग्यावर केला तरी राहतो.

मुन्नाला भेटलो. नियम चार रद्द, असे सांगितले. तो कॅन धूत होता. म्हणाला, “तो मी पाळलाच कधी होता सर? तिनं पाळला. तिले वाटलं सर शिकलेले मानूस हाये, मुन्नावर कारवाई होईन.”

हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. वस्तीवर धम्मचक्र प्रवर्तन दिन. केशरबाई पांढरे शुभ्र लुगडे नेसून आल्या, कारण संध्याकाळच्या वंदनेला परत पोहोचायचे होते. ठरले ते असे : सोमवारी मुन्ना, गुरुवारी माझी गाडी, आणि माझ्याशेजारी शेषराव. हे ठरवताना मी एकही नियम सुचवला नाही. ठरवले बायकांनी, ओट्यावर, पाच मिनिटांत.

मागचे दार उघडले तर केशरबाईंनी आधी गवताचा भारा आत ठेवला. दवाने ओला, मुळांना माती. “मुन्नाच्या गोठ्यापाशी उतरवू. सोमवारच्या खेपेचा हाये. यायनं बसल्या बसल्या उपटला.” नव्या आसनावर पाण्याचे ओघळ पसरले. माझ्या तोंडून निघालेच, “खाली पेपर तरी...”

“समोर पाहा,” शेषराव म्हणाले. “पयला गिअर.”

पारापाशी माझी खुर्ची मी निरीक्षण बंद केल्यापासून तशीच कडुनिंबाखाली राहिली आहे. तिच्यावर काठीवाले एक म्हातारे बसले होते. मी खुर्ची मागायला काच खाली करणार, तोच कोणाची तरी मोटारसायकल थांबली आणि त्यांना घेऊन गेली. कोण होता ते पाहिले नाही. क्लचवर लक्ष होते.

पुलावर गाडी एकदा बंद पडली. केशरबाई मागून म्हणाल्या, “शिकवनं कमी पडून राह्यलं वाटते.” शेषराव चिडले. “शिकवून राह्यलो मी, पन यायले ऐकाची सवय नाही!” ते दोघे नाल्यापासून फाट्यापर्यंत भांडत होते. मध्ये बोलायला मला जागाच नव्हती.

संध्याकाळी आसन घासले. मातीचा भाग निघाला, गवताचा हिरवा डाग निघाला नाही. वैजयंती म्हणाली, “लिंबू लावा, जाते.”

लिंबू घेऊन गोठ्यापर्यंत गेलो होतो. दार उघडून डाग पाहिला आणि लिंबू परत आणून टोपलीत ठेवले. ताडपत्री घातली नाही.